शब्बाथची किंमत कोण मोजतो?

२४ सप्टेंबर २०२३ च्या संध्याकाळी तेल अवीवच्या डिझेन्गॉफ चौकात कोल निद्रेसाठी माणसं जमली होती. योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुरू होताना म्हणायची ही प्रार्थना. करोनाच्या साथीत सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांची, दारं बंद झाली तेव्हापासून ती या चौकात उघड्यावर होऊ लागली होती. त्या वर्षी महापालिकेनं बजावलं होतं की सार्वजनिक जागेत बायका आणि पुरुषांमध्ये आडपडदा लावायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही तो निर्णय फिरवला नव्हता. आयोजकांनी मग पडद्याऐवजी राष्ट्रध्वजांची रांग उभी केली. विरोधकांनी ती उखडली. आरडाओरडा झाला, खुर्च्या हलल्या, प्रार्थना उधळली गेली. वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री ज्यूच ज्यूंवर ओरडत होते, तेही पहिल्या हिब्रू शहराच्या ऐन मध्यावर.

दोन आठवड्यांनी हमासच्या हल्ल्याचा ७ ऑक्टोबर उजाडला आणि हा विषय मागं पडला. मिटला मात्र नाही. धार्मिकांचं म्हणणं होतं, ज्यू असून तुम्ही ज्यूंची प्रार्थना मोडलीत. निधर्मींचं म्हणणं, प्रार्थनेच्या आडून तुम्ही आमच्या शहरात तुमचे नियम घुसवताय. गंमत अशी की विरोध करणाऱ्यांतही उपास धरलेले लोक असणार. प्यू संशोधन केंद्राच्या २०१६ च्या पाहणीत स्वतःला ‘हिलोनी’, म्हणजे निधर्मी, म्हणवणाऱ्या इस्रायली ज्यूंपैकी ३० टक्के लोक योम किप्पूरचा पूर्ण दिवस उपाशी राहत होते. पेसाखच्या सेदेरला, त्या विधिवत रात्रभोजनाला, हजर राहणारे हिलोनी तर ८७ टक्के निघाले. देव मानत नाही म्हणणारा माणूस मिसरमधून सुटका झाल्याची कथा मोठ्यानं वाचतो, कडू पाला चावतो, बेखमीर भाकरी मोडतो. याला पाळणं म्हणायचं की नाही?

या प्रश्नाकडे मराठी वाचक आपल्या सवयीनं पाहतो. देव भावाचा भुकेला, हे आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेलं आहे. संतांनी कर्मकांडाला झोडपलं, आगरकरांनी झोडपलं, गाडगेबाबांनी तर हातात खराटा घेऊन झोडपलं. त्यामुळं नियमांचं जंजाळ दिसलं की आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो: हा वरवरचा धर्म, खरा धर्म आत असतो. ज्यू धर्मापुढे हा निकाल टिकत नाही. सिनाय पर्वतापाशी नियमशास्त्र वाचून दाखवलं तेव्हा लोक म्हणाले, ‘आम्ही करू आणि आम्ही ऐकू.’ आधी करणं, मग ऐकून समजणं. हा क्रम उलटा आहे हे जुन्या रब्बींनाही, म्हणजे धर्मपंडितांनाही, दिसलं होतं आणि त्यांनी त्याची थोरवीच गायली. आजही धार्मिक वस्तीत नव्या माणसाची चौकशी होते ती ‘देव मानतोस का’ अशी नव्हे. ‘शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळतोस का’ एवढंच विचारतात. मनात काय आहे ते त्याचं तो बघून घेईल.

हा विचार शेवटच्या टोकापर्यंत कुणी नेला असेल तर तो येशायाहू लायबोविझ यांनी. १९०३ साली रीगात जन्म, १९९४ साली जेरुसलेममध्ये मृत्यू. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि तितकेच कडक आचाराचे ऑर्थोडॉक्स ज्यू. त्यांचं म्हणणं असं की मित्स्वा, म्हणजे धर्माज्ञा, पाळायची ती आज्ञा आहे म्हणून. मनाला शांती मिळते, कुटुंब एकत्र येतं, आरोग्य सुधारतं, राष्ट्र टिकतं, यातलं कुठलंही कारण पुढं केलं की ती देवाची सेवा उरत नाही, माणसानं स्वतःची करून घेतलेली सेवा होते. आजारी माणूस बरं वाटावं म्हणून प्रार्थना करतो, तेव्हा तो देवाला आपली कामं करून देणारा कारकून समजतो. हे ऐकायला कोरडं वाटतं, आणि आहेच. पण याच माणसानं १९६७ च्या युद्धानंतर, सगळा देश जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, प्राचीन मंदिराच्या उरलेल्या भिंतीपाशी, आनंदानं वेडा झालेला असताना, त्या भिंतीच्या पूजेला मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवलं आणि जिंकलेला प्रदेश सोडा म्हणून सांगितलं. धर्म आणि राज्य वेगळे करा, असंही ते धार्मिक म्हणूनच बजावत राहिले. राज्याच्या पगारावर पोसलेला धर्म हा राज्याचा नोकर होतो, एवढं साधं त्यांचं गणित होतं.

लायबोविझ यांच्याशी मी सर्वस्वी सहमत नाही. सेदेरच्या टेबलाशी आजोबा सोबत बसले म्हणून ज्याचा ऊर भरून आला, त्याचं पाळणं खोटं ठरवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांच्यामुळं एक गोष्ट लख्ख दिसते. पाळणं म्हणजे स्वतःवर बंधन घेणं. मला हवं तेव्हा, हवं तेवढं आणि हवं तसं केलं तर तो छंद झाला, कितीही गोड असला तरी. आणि बंधन स्वतःवर घेण्याऐवजी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, तर तो कारभार झाला. खरं पाळणं या दोहोंच्या मधल्या जागेत कुठंतरी असतं. ते ओळखायची माझी कसोटी ढोबळ आहे: त्याची किंमत पाळणारा स्वतः मोजतो का?

ही कसोटी शब्बाथलाच लावून पाहू. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत मनाई असलेल्या कामांची यादी मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात दिली आहे, ‘चाळीसला एक कमी’ अशा शब्दांत. नांगरणं, पेरणं, मळणं, दळणं, भाजणं, कातणं, शिवणं, गाठ मारणं, गाठ सोडणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं, घरातून रस्त्यावर ओझं नेणं. प्रत्येक कामाच्या पोटात उपकामं आहेत. विजेचं बटण आलं तेव्हा ते विस्तव पेटवण्यात जातं की बांधकामात, यावर रब्बींनी ग्रंथ लिहिले. मग पाळणाऱ्यांच्या घरात आल्या त्या सगळ्या सोयी: आधीच लावून ठेवलेलं घड्याळ, जे दिवा आपोआप घालवतं, शुक्रवारी तापवत ठेवलेली पत्र्याची शेगडी, आणि ती प्रसिद्ध शब्बाथची लिफ्ट, जी कुणी बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबत वर जाते आणि तशीच थांबत खाली येते. शहराभोवती खांबांवरून एक तार फिरवलेली असते, तिला एरुव म्हणतात. त्या तारेच्या आतला मुलूख सगळ्यांचं मिळून एकच घर मानला जातो, म्हणून आत ओझं नेता येतं. तार कुठं तुटली तर नाही ना, हे दर आठवड्याला शब्बाथ लागायच्या आत कुणीतरी फिरून बघतं.

बाहेरचा माणूस, आणि तेल अवीवचा हिलोनीही, याला सरळ पळवाट म्हणतो. देवाला फसवताय का, असं विचारतो. (आपल्याकडच्या कुणाला हसू आलं असेल तर साबुदाण्याच्या खिचडीनं न मोडणारा उपास आठवावा.) मला हा आक्षेप निम्माच पटतो. नियम मनापासून नकोसा झालेला माणूस पळवाट शोधत बसत नाही, तो नियम मोडून मोकळा होतो. पळवाट तोच शोधतो ज्याला नियम मोडायचा नाही आणि जगणंही सोडायचं नाही. प्रश्न असा विचारायला हवा की ती पळवाट कुणासाठी काढली. एरुवची तार नसेल तर बाबागाडी ढकलता येत नाही, म्हणजे तान्ह्या मुलाची आई सबंध शब्बाथ घरात कोंडली जाते. चाकाच्या खुर्चीवरचा म्हाताराही.

या बाबतीत प्राचीन धर्मपंडित हिल्लेल यांचा दाखला सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला. दर सातव्या वर्षी कर्जं माफ करावीत अशी तोराहची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची, आज्ञा आहे. गरिबांच्या भल्यासाठी केलेली ही आज्ञा शेवटी गरिबांवरच उलटली, कारण सातवं वर्ष जवळ आलं की कुणी गरिबाला कर्ज देईना. हिल्लेल यांनी प्रोझबूल नावाचा दस्तऐवज काढला: कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचं, म्हणजे ते खाजगी राहत नाही आणि बुडतही नाही. तोराहच्या अक्षरावरून सरळ उडी मारलेली आहे, आणि ती कशासाठी तर तिच्या हेतूसाठी. या माणसाला ज्यू परंपरा दोन हजार वर्षं डोक्यावर घेते आहे. म्हणजे काटेकोरपणा आणि करुणा यांच्यात भांडण लावायची गरज परंपरेलाच वाटलेली नाही.

किंमत दुसऱ्याच्या खिशातून निघायला लागते तिथं मात्र माझी सहानुभूती आटते. जून १९४७ मध्ये, राष्ट्र अजून जन्मायचं असताना, पुढं इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन यांनी अगुदात इस्राएल या ऑर्थोडॉक्स संघटनेला पत्र लिहिलं. सुटीचा दिवस शब्बाथ असेल, सरकारी स्वयंपाकघरं कोशेर, म्हणजे धर्माच्या आहारनियमांना धरून, असतील, लग्नाच्या बाबतीत समाज दुभंगू दिला जाणार नाही, शिक्षणात धार्मिकांना मोकळीक असेल. यालाच पुढं ‘स्टेटस को’, म्हणजे जैसे थे, म्हणू लागले. याच्याच वळचणीला बसून शब्बाथला बहुतेक शहरांत बसगाड्या बंद राहिल्या. हैफासारखे अपवाद होते. खाजगी मोटारींवर बंदी कधीच नव्हती. म्हणजे झालं असं की मोटारवाला हिलोनी शनिवारी समुद्रावर जातो. रुग्णालयात आईला भेटायला निघालेली, मोटार नसलेली बाई घरी बसते. शब्बाथ कुणी पाळला? तिनं पाळला नाही, तिच्यावर पाळला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेल अवीव आणि शेजारच्या शहरांनी शुक्रवार-शनिवारी फुकट गाड्या सुरू केल्या. तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या खचाखच भरल्या. त्यात बसलेला एकही माणूस कुणाला शब्बाथ मोडायला लावत नव्हता.

लग्नाचं त्याहून वाईट. १९५३ च्या कायद्यानं ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. नागरी विवाहाची सोय देशात नाही. सोव्हिएत संघातून १९९० च्या दशकात आलेल्या दहा लाखांच्या आसपास लोकांत आईच्या बाजूनं ज्यू नसलेले लाखो होते. ते सैन्यात जातात, कर भरतात, आणि लग्नाला सायप्रसला जातात. अलीकडे अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ऑनलाइन लग्नाचीही सोय झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नोंदवून घ्यायला लावली. घटस्फोटाचा कागद, ‘गेट’, नवऱ्याच्याच हातानं मिळावा लागतो. न देणाऱ्या नवऱ्याची बायको वर्षानुवर्षं अडकून पडते. अशा नवऱ्याला तुरुंगात घालण्याचा अधिकार न्यायालयांना आहे आणि ते कधीकधी वापरतातही. तरी मूळ गाठ तशीच राहते. रब्बीसमोर उभं राहून लग्न लावणं ही धर्माची कृती आहे की सरकारी कार्यालयातली रांग, हे रांगेत उभ्या असलेल्यांना विचारून बघावं.

धार्मिकांचं उत्तर जुनं आहे आणि ते सर्वांत धारदारपणे १९५२ साली दिलं गेलं. ऑक्टोबर महिन्यात पंतप्रधान बेन-गुरियन स्वतः ब्ने ब्राकला, हझोन इश या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या साध्या घरी गेले. मुलींच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा वाद पेटला होता. आपण एकत्र कसं राहायचं, असं त्यांनी विचारलं. रब्बींनी तालमूदातला, मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातला, दाखला दिला: चढाच्या अरुंद वाटेवर दोन उंट समोरासमोर आले, एकावर ओझं आहे, दुसरा मोकळा आहे, तर मोकळ्यानं वाट द्यावी. आमच्यावर मित्स्वांचं ओझं आहे, तुम्ही मोकळे. बेन-गुरियन यांचे तेव्हाचे सचिव यित्झाक नाव्होन सोबत होते, त्यांनी हा संवाद नंतर सांगितला. बेन-गुरियन यांनी उलट विचारलं, या दुसऱ्या उंटावर काहीच नाही? जमीन कसणं, सीमेवर राखण करणं, हे ओझं नव्हे? रब्बी म्हणाले, तेही आमच्या तोराहच्या अध्ययनामुळंच टिकून आहेत.

लोकांच्या तोंडी या दाखल्याची ‘भरलेली गाडी आणि रिकामी गाडी’ झाली आणि हिलोनींच्या मनात ती सत्तर वर्षं सलते आहे. मला यात बेन-गुरियन यांचा प्रश्न बरोबर वाटतो, पण त्यांचं उत्तर अपुरं. राष्ट्र उभारणं हेच आमचं धर्मपालन, असं म्हटल्यावर राष्ट्रापलीकडचं काही उरत नाही. शिवाय रब्बींच्या वस्तीतलं ओझं खोटं नव्हे. चांगल्या पगाराची नोकरी बाजूला ठेवून, सात-आठ मुलांच्या संसारात, दोन खोल्यांत, कापडाच्या एका कोटावर जन्म काढत तालमूद शिकणाऱ्या हरेदी, म्हणजे अतिकर्मठ, घराला दांभिक म्हणणारा माणूस त्या घरात कधी जेवलेला नसावा. ते किंमत मोजतात. फक्त सगळी मोजत नाहीत. १९४८ मध्ये येशिवात, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळेत, शिकणाऱ्या सुमारे ४०० तरुणांना सैन्यसेवेतून मोकळीक दिली गेली, युरोपात जळून गेलेली विद्या पुन्हा रुजावी म्हणून. त्या ४०० चे पुढं हजारो, दशसहस्र झाले. २५ जून २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की या सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाही. तोवर गाझाच्या युद्धात धार्मिक-राष्ट्रवादी घरांतली मुलंही पडत होती, डोक्यावर कीपा ही छोटी टोपी असलेली, शब्बाथ पाळणारी. त्यांच्या आया हरेदी पुढाऱ्यांना जे विचारत होत्या ते कुणा हिलोनीनं शिकवलेलं नव्हतं: माझ्या मुलाचं रक्त तुमच्या मुलाच्या रक्ताहून कमी लाल आहे का? तालमूदातलाच तो युक्तिवाद आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो, कारण या वादातला सर्वांत बोलका पुरावा कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, आहे. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कथा अशी की नवगावजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. कथा खरी किती ते बाजूला ठेवू. पुढची स्थिती पक्की आहे. शतकानुशतकं या लोकांकडे तोराहची गुंडाळी नव्हती, तालमूद नव्हता, रब्बी नव्हता. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशा आडनावांनी ते गावागावांत विखुरलेले होते, मराठी बोलत होते, आणि त्यांच्यातले बरेच जण तेल गाळत होते. सुंता होती, ‘शेमा इस्राएल’ एवढं एक वाक्य होतं, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य होता, आणि शनिवारी घाणा बंद. त्यावरून गावानं त्यांना नाव दिलं, शनवार तेली.

घाणा बंद म्हणजे काय, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. शेजारचा दुसरा तेली सोमवार पाळत असेल, अमावास्या पाळत असेल; पण बाजारात त्याची गिऱ्हाइकं शनिवारी तेल मागणार आणि याच्याकडे नाही. बैल उभा, घाण्याची लाट थांबलेली, तीळ-खोबरं पडून. तेलाचा धंदा काही मोठ्या नफ्याचा नव्हता आणि तेल्याचा मानही गावात वरचा नव्हता. दर सातव्या दिवसाची कमाई सोडायची, ती कुणाच्या धाकानं? कोकणात कुणी रब्बी तपासायला येत नव्हता. इतर ज्यूंच्या डोळ्यांपुढे चांगलं दिसावं हाही प्रश्न नव्हता, कारण इतर ज्यू आहेत हेच माहीत नव्हतं. आणि यातली नवलाची बाब अशी: मिश्नातल्या त्या यादीत मळणीच्या पोटात पिळून रस किंवा तेल काढणं येतं. ज्यांनी ती यादी कधी पाहिली नाही, त्यांनी तिच्यातलं नेमकं कलम पाळलं होतं. उपासांची, सणांची नावं त्यांनी आपल्या मराठीत ठेवली: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण. नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर, वेलदोडे, फळं असा मलिदा करून एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तो संदेष्टा येऊन गेल्याची खूण त्यांनी मनाशी धरली. अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर हिब्रू विधी शिकले, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पण पाळणं तोवर कधीच सुरू झालेलं होतं.

याच लोकांचे वंशज १९४८ नंतर इस्रायलला गेले आणि तिथं त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या ज्यू असण्याची खात्री करून घ्यावी लागेल. शंका अशी: तालमूदातला घटस्फोटाचा विधी ठाऊक नसताना तुमच्यात घटस्फोट झाले असतील, त्या बायकांनी पुन्हा लग्नं केली असतील, तर ती संतती आमच्या दृष्टीनं लग्नाला अपात्र. १९६१ मध्ये मुख्य रब्बीसंस्थेनं लग्नांना तत्त्वतः मान्यता दिली, पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या आदेशानं लग्न नोंदवणाऱ्यांना सांगण्यात आलं की आईची आई, तिची आई, जाता येईल तितकं मागं जाऊन चौकशी करा. गाडी इथंच उलटते. भोवतालच्या मराठी चालीरीतींमुळं बेने इस्राएलांत घटस्फोट आणि विधवाविवाह मुळातच विरळ होते. म्हणजे ज्या गोष्टीचा संशय, तीच त्यांच्यात जवळपास नव्हती. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, उपोषण केलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. रब्बीसंस्थेला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

लक्षात घेण्यासारखं हे की त्यांना वाचवलं ते निधर्मी बहुमताच्या संसदेनं. आणि त्यांनी मागितलं काय, तर त्याच रब्बींसमोर, त्याच विधीनं लग्न लावण्याचा हक्क. नागरी विवाह द्या, असं म्हणून ते मोकळे झाले असते. ते झाले नाहीत. मला यात गुलामी दिसत नाही, जशी माझ्या काही पुरोगामी मित्रांना दिसते. धर्म आमचाही आहे, तो तुमच्या कचेरीची मालमत्ता नाही, असं ते सांगत होते.

निधर्मींबद्दल बोलायचं राहिलं आहे आणि त्यांना सोडून दिलं तर लेख एकतर्फी होईल. हिब्रू विचारवंत अहाद हाआम हे काही आचारधर्म पाळणारे गृहस्थ नव्हते. तरीही इस्राएलनं शब्बाथ जितका राखला त्याहून अधिक शब्बाथनं इस्राएलला राखलं, हे वाक्य त्यांचंच. बिआलिक कवींनी तेल अवीवमध्ये शनिवारी दुपारी व्याख्यानं आणि गाणी यांचा ‘ओनेग शब्बाथ’ सुरू केला. किब्बुत्झांनी, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांनी, स्वतःच्या हग्गादा, सेदेरला वाचायच्या पोथ्या, छापल्या, देवाचं नाव गाळून सुगीचं आणि श्रमाचं कौतुक घालून. मॉस्कोत १९६० च्या दशकात हिब्रूचं अक्षर न येणारे तरुण सिम्हात तोराह या सणाच्या रात्री सिनेगॉगसमोरच्या रस्त्यावर नाचायला जमत. नावं टिपली जाणार, नोकरी जाणार, हे माहीत असून. १९८६ मध्ये सोव्हिएत तुरुंगातून सुटका होताना नातान शरान्स्की मॉस्कोच्या विमानतळावर बर्फात आडवे पडले, आपलं स्तोत्रांचं छोटं पुस्तक परत मिळेपर्यंत हलेनात. ते काही कर्मठ ज्यू नव्हते. या सगळ्यांना हिशेबात धरलं नाही तर पालनाची कुठलीही व्याख्या मला अपुरी वाटते.

अडचण नंतरच्या पिढीची आहे. मॉस्कोत नाचायला हिंमत लागत होती. तेल अवीवमध्ये योम किप्पूरच्या मोकळ्या रस्त्यावर सायकल फिरवायला काहीच लागत नाही. ‘मी मनानं ज्यू आहे’ असं म्हणणाऱ्याकडे पुढच्या पिढीला द्यायला काय असतं, हा हरेदींचा प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे. भाव वारसाहक्कानं जात नाही, सवय जाते. मोरोक्को आणि इराकमधून आलेल्या घरांत ‘मसोर्ती’ नावाचा एक मधला वर्ग आहे, प्यूच्या आकड्यांत ज्यूंपैकी २९ टक्के. शुक्रवारी रात्री किद्दूश, म्हणजे द्राक्षारसाच्या पेल्यावरची प्रार्थना, शनिवारी सकाळी सिनेगॉग, दुपारी फुटबॉलचा सामना. दोन्ही बाजूंचे शुद्धिवादी यांना हसतात. त्यांना विचारलं तर ते सांगतात की मी नियम मोडतो, नियम चुकीचा आहे असं म्हणत नाही. इतकी प्रामाणिक भूमिका मला दोन्ही टोकांवर क्वचित सापडते.

योम किप्पूरच्या सकाळी सगळ्या सिनेगॉगांत यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. उपासानं पोटात खड्डा पडलेला असताना माणसं ऐकतात की मला असला उपास नको. भुकेल्याला भाकरी दे, पिचलेल्याला सोड. बहुतेक उतारे इथंच थांबवले जातात, विशेषतः निधर्मी व्याख्यानांत. पण अध्याय पुढं चालू राहतो आणि संपतो शब्बाथवर: त्याला आनंद म्हण, त्या दिवशी आपला धंदा करू नको. एकाच श्वासात दोन्ही आहे. मिश्ना आणखी स्पष्ट आहे. माणूस आणि देव यांच्यातली पापं या दिवशी धुऊन निघतात. माणसामाणसांतली नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. डिझेन्गॉफ चौकातल्या दोन्ही बाजूंना हा मिश्ना लागू होता.

यातून राज्यानं करायचं काय, याचं एक उत्तर इस्रायलमध्येच लिहून तयार आहे. कायद्याच्या प्राध्यापक रूथ गाव्हिझोन निधर्मी, रब्बी याकोव मेदान धार्मिक-राष्ट्रवादी येशिवातले. दोघांनी मिळून २००३ च्या सुमारास एक करारनामा प्रसिद्ध केला. शब्बाथला कारखाने आणि दुकानं बंद, कारण दुकानातल्या विक्रेतीलाही सुटी हवी. उपाहारगृहं, करमणूक आणि मर्यादित वाहतूक चालू. लग्न नोंदवणं राज्याचं काम, विधी ज्याचा त्यानं निवडावा. रब्बींनी नागरी नोंदणी मान्य केली, प्राध्यापिकाबाईंनी बाजार बंद ठेवणं मान्य केलं. दोघांच्याही बाजूच्या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. गाव्हिझोन २०२० मध्ये गेल्या. करारनाम्याचा कायदा आजतागायत झालेला नाही, कारण सरकार बनवताना बहुतेक पंतप्रधानांना धार्मिक पक्षांची मतं लागतात आणि त्या पक्षांना लग्नाच्या कचेरीवरचा ताबा शब्बाथपेक्षा प्यारा आहे.